पणजोबा कुठल्या पलटणीत होते?

काशीच्या घाटावर पिंडदानाला बसलेल्या माणसाला गुरुजी पिढ्यांची नावं विचारतात. बाप, आजा, पणजा... इथपर्यंत गाडी कशीबशी पोचते. मग मागे बसलेली एखादी आत्या किंवा थोरली काकू हळूच म्हणते, 'आपल्या घरातला एक जण लढाईत गेला होता. त्याच्याही नावाने पाणी सोडा की!' नाव काय? ते कुणाला आठवत नाही. कुठली लढाई? कुणी पानिपत म्हणतं, कुणी जर्मनची लढाई. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

गुरुजींना याचं नवल वाटत नाही. अशा माणसाची सोय पंचांगानेच करून ठेवली आहे. पितृपक्षातली चतुर्दशी ही शस्त्राने मृत्यू आलेल्यांची. ज्याची तिथीच ठाऊक नाही, त्याच्यासाठी सर्वपित्री अमावास्या. घरचा माणूस मोहिमेवर जातो, परत येत नाही आणि तो कधी गेला हेही कळत नाही, असं पूर्वी इतक्या घरांत घडलं की धर्मशास्त्राला त्यासाठी दिवस राखून ठेवावा लागला!

पण तिथीची सोय झाली, तरी माणूस सापडत नाही. तो कोण होता, कुणाच्या पदरी होता, कुठे पडला, त्याच्या मागे बायकापोरांचं काय झालं, हे प्रश्न उरतातच. हल्ली अनेक मराठी घरांत या प्रश्नांची उत्तरं शोधण्याची ओढ निर्माण झाली आहे. कुणी निवृत्तीनंतर वंशावळ लिहायला घेतो, कुणाला माळ्यावरच्या पेटीत एखादं पदक सापडतं. शोध कुठून सुरू करायचा, हे मात्र बहुतेकांना कळत नाही.

लष्कराबरोबर यात्रा

या शोधासाठी काशी हे ठिकाण मोठं सोयीचं आहे. कारण अठराव्या शतकात मराठी माणूस उत्तरेत आला तो दोन निमित्तांनी. एक मोहीम आणि दुसरी यात्रा. पुष्कळदा ही दोन्ही निमित्तं एकाच तांड्यात असत. वाटेत चोर-पेंढाऱ्यांचं भय. तेव्हा फौज उत्तरेला निघाली की तिच्या आसऱ्याने यात्रेकरूही निघायचे. बायका, म्हातारी माणसं, भिक्षुक, व्यापारी सगळे लष्कराच्या मागे.

पानिपतावर हेच झालं. १४ जानेवारी १७६१ या दिवशी तिथे लढणाऱ्यांइतकीच न लढणारी माणसंही अडकली होती. नाना फडणवीस तेव्हा अठरा वर्षांचे. सदाशिवरावभाऊंच्या लष्कराबरोबर ते आई आणि पत्नीसह उत्तरेत आले होते. त्या धुमाळीतून नाना वाचले. पत्नीही सुखरूप परतली. आई मात्र परतली नाही. पुढे ज्या माणसाच्या हातात अख्ख्या दौलतीचे हिशेब आले, त्याच्याच घरात हा एक आकडा कायमचा हरवलेला राहिला.

नानांची ही गत, तर साध्या बारगिराच्या घरची काय सांगावी! पानिपतच्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना भेलशाजवळ एका सावकारी पत्रातून कळली, असं परंपरा सांगते. त्या पत्रात मोठ्या माणसांची नुकसानी मोत्यांच्या आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत होती. बाकीच्या फौजेची गणती 'खुर्दा' म्हणून एका शब्दात आटोपली होती. आज जी कुटुंबं आपला पूर्वज शोधतात, त्यांतल्या बहुतेकांना या खुर्द्यातलाच एक जण शोधायचा असतो.

काशीत मराठी वस्ती वाढत गेली ती अशाच माणसांमुळे. शिंदे घाट, भोसले घाट, अहिल्याबाई घाट ही नावं आजही साक्ष देतात. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दुसऱ्या बाजीरावाचे धाकटे बंधू चिमाजीअप्पा काशीत येऊन राहिले. त्यांच्याबरोबर त्यांच्या पदरची माणसंही आली. त्यांच्यातच मोरोपंत तांबे होते. त्यांची मुलगी मणिकर्णिका काशीतच जन्मली आणि पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली. अस्सीजवळ भदैनीत तिच्या जन्मस्थानी आज स्मारक आहे. आणि गंमत पाहा, जिचं नाव शाळकरी पोरालाही ठाऊक, तिच्या जन्मसालाविषयी मात्र एकमत नाही. कुणी १८२८ धरतं, कुणी १८३५. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याने पहिला धडा इथेच घ्यावा. नाव मोठं असलं म्हणून कागद पक्का असतोच, असं नाही.

उपाध्यायांची वही

काशी, प्रयाग, गया, नाशिक, त्र्यंबकेश्वर या क्षेत्रांत तीर्थोपाध्यायांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळलेल्या वह्या म्हणजे या शोधाची पहिली पायरी. यात्रेकरू आला की तो स्वतःच्या हाताने किंवा कारकुनाकडून वहीत लिहून देई. आपलं नाव, बापाचं, आजाचं, भावांची, मुलांची नावं, मूळ गाव, हल्ली मुक्काम, आणि येण्याचं निमित्त. पुढच्या पिढीतला कुणी आला की त्याच घराण्याच्या नोंदीखाली त्याची भर पडे.

या वह्या गावावार आणि घराण्यावार लावलेल्या असतात. म्हणून उपाध्याय पहिला प्रश्न विचारतात तो आडनावाचा नाही, गावाचा. तिथेच अनेकांची पंचाईत होते. मुंबई-पुण्यात तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबाला मूळ गाव सांगता येत नाही. कुलदैवत विचारलं तर मात्र सांगता येतं आणि त्यावरून गावाचा माग लागतो. घरातून निघण्यापूर्वी गाव, कुलदैवत, गोत्र आणि ठाऊक असलेली सर्वांत जुनी दोन-तीन नावं कागदावर लिहून नेली, तर निम्मं काम तिथेच होतं.

वहीत लष्करी नोकरीची नोंद असते का? क्वचित. कुणी आपल्या नावाआधी हुद्दा लिहिलेला असतो, कुणी ज्या सरदाराच्या पथकातून आला त्याचं नाव. पण त्याहून मोलाची असते ती दुसरीच गोष्ट. एखाद्या साली चार भावांची नावं आहेत आणि बारा वर्षांनी आलेल्या नोंदीत तीनच आहेत. किंवा एखादी बाई मुलाला घेऊन आली आहे आणि नवऱ्याच्या नावापुढे 'कैलासवासी' लिहिलं आहे. तो माणूस कोणत्या वर्षांच्या दरम्यान गेला, हे या दोन नोंदींच्या मधल्या अंतरातून कळतं. पुढचा शोध मग आंधळा राहत नाही.

जुन्या मराठी नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात. आडनावं असतातच असंही नाही. 'अमुक बिन तमुक' एवढंच. 'बिन' म्हणजे चा मुलगा. तेव्हा बापाचं नाव ठाऊक नसेल, तर समोर आलेली नोंदही ओळखता येत नाही.

पुण्यातले रुमाल

काशीच्या वहीत माणूस, गाव आणि साधारण काळ हाती लागला की पेशवाईच्या काळापुरता पुढचा मुक्काम पुणं. पुणे पुराभिलेखागार म्हणजे लोकांच्या तोंडचं 'पेशवे दफ्तर'. कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, त्यांना म्हणतात रुमाल. असे तीस हजारांहून जास्त रुमाल इथे आहेत आणि त्यांतले कागद कोटींच्या हिशेबात मोजावे लागतात. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड छापले. पण हा सागरातला तांब्याभर!

या कागदांत शिपाई कसा भेटतो? शौर्याच्या वर्णनात तो क्वचितच भेटतो. तो भेटतो हिशेबात. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार यांचे पगार वेगळे, म्हणून त्यांच्या नोंदी वेगळ्या. मोहिमेपूर्वी घोडेस्वारांच्या खर्चासाठी आगाऊ दिली जाणारी रक्कम म्हणजे नालबंदी. तिचा हिशेब वेगळा. रोजच्या जमाखर्चाची रोजकीर्द वेगळी. सरकारला घोडा मेल्याची भरपाई द्यावी लागे, म्हणून घोड्याचीही नोंद! कित्येकदा स्वाराच्या नावापेक्षा त्याच्या घोड्याची माहिती जास्त सापडते.

पण घराण्याचा शोध घेणाऱ्याने एक शब्द पक्का ध्यानात ठेवावा. बालपरवेशी. लढाईत कामास आलेल्या माणसाच्या बायकामुलांच्या गुजराण्यासाठी सरकारातून जी जमीन किंवा नेमणूक मिळे, ती बालपरवेशी. हा कागद सापडला तर त्यात एकाच ठिकाणी मृताचं नाव, त्याचा सरदार, लढाई, मागे राहिलेल्या मुलाचं नाव आणि गाव मिळण्याचा संभव असतो. कंपनी सरकारच्या काळात इनाम कमिशनने हक्काच्या जमिनींची चौकशी केली, तेव्हा अशा घराण्यांना आपले जुने कागद पुढे आणावे लागले. चौकशी जमिनी काढून घेण्यासाठी होती, पण तिच्यामुळेच कित्येक घराण्यांची कहाणी दफ्तरात जाऊन बसली.

तारखांचा मात्र घोळ होतो. पेशवाईच्या कागदावर इंग्रजी साल नसतं. शक असतो किंवा सुहूर सन. 'इहिदे सितैन मया व अलफ' असं काहीतरी वाचलं की माणूस गांगरतो. पण ते कोडं सोपं आहे. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर आणि अलफ हजार. झाले ११६१. सुहूर साल मृगाबरोबर, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं. त्यात ५९९ मिळवले की त्या सालाची सुरुवात कळते, ६०० मिळवले की अखेर. म्हणजे हे साल १७६० च्या जूनपासून १७६१ च्या मे अखेरपर्यंतचं. पानिपतचं साल!

मोडी येत नसेल तर घाबरण्याचं कारण नाही. मोडीचे वर्ग चालतात आणि पुण्यात मोडी वाचून देणारे जाणकारही आहेत. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही जुन्या घराण्यांचे कागद जतन केलेले आहेत.

दगडावरची नावं

पेशव्यांच्या नव्हे, कंपनीच्या फौजेत पूर्वज होता, अशी घरंही कमी नाहीत. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा इथे झालेल्या लढाईच्या स्तंभावर कंपनीच्या मृत सैनिकांची ४९ नावं कोरलेली आहेत. त्यांतली २२ नावं 'नाक' या प्रत्ययाने संपतात. हा प्रत्यय महार शिपायांच्या नावाला लागे. ज्यांच्या घरात ताम्रपट नव्हते, सनदा नव्हत्या, त्यांच्यासाठी हा दगड म्हणजेच दस्तऐवज. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले. त्यांचे वडील रामजी सकपाळ स्वतः लष्करात सुभेदार होते आणि आजोबाही फौजेतच होते. बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला.

पूर्वजाची नोकरी शोधणं हा केवळ हौसेचा मामला नसतो, हे या इतिहासातून फार स्पष्ट दिसतं. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची लष्करभरती थांबवली. तेव्हा लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर आणि त्यांच्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. त्यांत मांडलेला मुद्दा हाच होता की आमच्या वाडवडिलांनी या फौजेत नोकरी केली आहे, तुमचेच कागद काढून बघा! पुढे १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. आज तिचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. वाडवडिलांच्या नोकरीचा दाखला असा नातवंडांच्या भाकरीच्या आणि मानाच्या कामी येतो.

बसऱ्याचा आकडा

'जर्मनची लढाई' म्हणजे बहुतेकदा १९१४ ते १९१८ चं पहिलं महायुद्ध. हिंदुस्थानातून सुमारे तेरा लाख माणसं परदेशी गेली आणि त्यांतली सुमारे ७४ हजार परतली नाहीत. मराठी पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. त्याच वेढ्यात सातवी राजपूत पलटणही होती. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत उपासमार, आजार आणि शेवटी शरणागती. कैदेत गेलेल्या कित्येकांचं पुढे काय झालं, ते घरी कधीच कळलं नाही.

बसऱ्याला या युद्धाचं जे स्मारक उभारलं गेलं, त्यावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची गणती आहे. पण त्यात एक भेद होता. अधिकाऱ्यांची आणि गोऱ्या शिपायांची नावं कोरली गेली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीवार नुसता आकडा! पुन्हा खुर्दाच. युद्धस्मृती सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध करून अशा भेदभावाची कबुली दिली आणि माफीही मागितली.

सुदैवाने दगडावर नसलेली पुष्कळ नावं कागदावर होती. आयोगाची यादी आता घरबसल्या इंटरनेटवर पाहता येते. त्यात शिपायाचं नाव, क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख आणि बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही असतो. म्हणजे ज्या माणसाचं शतकभर सर्वपित्रीला श्राद्ध झालं, त्याची तिथी एका संध्याकाळी कळू शकते!

शोधताना मात्र इंग्रज कारकुनाच्या कानाने ऐकावं लागतं. सावंत एका जागी एका स्पेलिंगने, दुसऱ्या जागी दुसऱ्याच. गावाचं नाव ओळखू न येण्याइतकं बदललेलं. कधी आडनावाचा पत्ताच नाही. अशा वेळी नावाऐवजी पलटण आणि जिल्हा यांवरून शोध घेतलेला बरा.

गावातही पुरावा असतो. मुंबई इलाख्यातल्या अनेक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवलेली आहे. या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, त्यांतले इतके कामी आले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेले ४६ जण त्या युद्धात पडले. म्हणून तर ते आज 'अपशिंगे मिलिटरी' म्हणून ओळखलं जातं. पंजाबात तर गावोगावच्या सव्वातीन लाखांच्या आसपास सैनिकांची नोंदवही लाहोरच्या संग्रहालयात पडून होती. ती २०२१ पासून लोकांना इंटरनेटवर खुली होऊ लागली. आपल्याकडे अशी एकत्र वही नाही. म्हणून गावची पाटी हाच आधार.

पदकाची कड

घरात एखादं पदक असेल तर ते उलटसुलट बघून पुन्हा फडक्यात बांधून ठेवू नका. त्याची कड वाचा. पहिल्या महायुद्धातल्या पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. चार इंचांच्या या अक्षरांत अख्ख्या शोधाची किल्ली आहे. घासूनपुसून चकचकीत करण्याच्या नादात ती अक्षरंच पुसली जातात. आणि कित्येक घरांत तर चांदी म्हणून पदक सोनाराकडे गेलेलं असतं!

पदकाचा धातूही बोलतो. त्याच युद्धाचं एक पदक शिपायांना चांदीचं मिळे, तर खेचरं हाकणाऱ्या, रस्ते खोदणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या मजूर दलाच्या माणसांना काशाचं. 'आमचे पणजोबा सुभेदार होते' असं ऐकत आलेल्या घरात काशाचं पदक निघालं की क्षणभर मन खट्टू होतं. व्हायला नको. त्या वाळवंटात पाण्याची पखाल वाहणारा माणूसही गोळीच्या टप्प्यातच होता.

पलटणीचा क्रमांक कळला तरी तो पुढे बदलत गेलेला असतो. १७६८ मध्ये उभी राहिलेली पलटण पुढे १०३ मराठा झाली आणि १९२२ च्या फेररचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन. ११० ची तिसरी झाली, ११७ ची पाचवी. आजीच्या तोंडी असलेला 'एकशे दहा' आणि आजोबांच्या कागदावरचा 'तीन बटा पाच' ही एकच पलटण असू शकते.

पंचवीस वर्षांची मुदत

स्वातंत्र्याच्या आसपास किंवा नंतर लष्करात असलेल्या जवानाचे कागद त्याच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात असतात. लष्करात त्याला 'रेकॉर्ड ऑफिस' म्हणतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिकरोडला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला. माणूस कुठला, यापेक्षा पलटण कुठली, याला इथे महत्त्व.

याचं उत्तम उदाहरण खुद्द वाराणसीच्या छावणीत आहे. तिथलं ३९ गोरखा प्रशिक्षण केंद्र म्हणजे तिसऱ्या आणि नवव्या गोरखा रायफल्सचं घर. तीन आणि नऊ मिळून एकोणचाळीस! १९१५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा पहिला गोरखा जवान कुलबीर थापा हा तिसऱ्या गोरखा रायफल्सचा. नेपाळच्या डोंगरातल्या एखाद्या घराला आपल्या आजोबांचा पत्ता गंगेकाठी लागतो आणि गंगेकाठच्या मराठी घराला आपल्या आजोबांसाठी बेळगावला लिहावं लागतं.

पत्रात काय लिहावं? जवानाचा क्रमांक, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, भरतीचं साधारण साल आणि आपलं नातं. क्रमांक सगळ्यांत महत्त्वाचा. तो डिस्चार्ज बुकावर असतो, पेन्शनच्या कागदावर असतो, जुन्या पोस्टकार्डावरच्या पत्त्यातही असतो. पेन्शन मिळालेली असेल तर आणखी एक वाट आहे. लष्करी जवानांच्या पेन्शनचा कारभार वाराणसीहून जवळच असलेल्या प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयातून चालतो. त्या पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक हाही मोठा दुवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्जाच्या कामी मदत करतं आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालीही विचारणा करता येते.

पण इथे एक धोका आहे. पेन्शन न मिळालेल्या जवानाची सेवापत्रं पंचवीस वर्षांनंतर नष्ट करण्याचा लष्कराचा नियम आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी भरती होऊन युद्ध संपताच घरी पाठवलेल्या हजारो जवानांचे कागद असेच गेले. वारसांच्या पेन्शनच्या दाव्यांतही ही अडचण पुन:पुन्हा येते. विधवा सांगते, माझ्या नवऱ्याने नोकरी केली. कार्यालय सांगतं, कागद नियमाप्रमाणे नष्ट झाले. तरीही सगळं संपत नाही. 'लाँग रोल' नावाच्या नोंदवहीत जवानाची एका ओळीची माहिती बऱ्याचदा शिल्लक असते. भरती केव्हा, सुटका केव्हा, कशामुळे. अर्जात या नोंदवहीचा उतारा मुद्दाम मागावा.

ब्रिटिश काळातल्या शिपायाचे कागद लंडनला असतील, अशी अनेकांची समजूत असते. तिथल्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं प्रचंड दफ्तर आहे खरं. पण त्यात तपशील मिळतो तो गोऱ्या अधिकाऱ्यांचा. सुभेदार, जमादारांची नावं छापील आर्मी लिस्टमध्ये सापडतात. साध्या शिपायासाठी मात्र एवढा खटाटोप करण्याआधी दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि त्याचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ पाहावं. मुंबई इलाख्याच्या कारभाराचे कागद मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आहेत.

घर शोधा, शिपाई सापडेल

वही, रुमाल, पाटी, पदक, पेन्शन. या सगळ्यांत एक समान धागा आहे. शिपाई एकटा असताना कुणी त्याची नोंद ठेवली नाही. त्याच्या घराचा प्रश्न आला, तेव्हा ठेवली. बायकोला पोटगी द्यायची होती म्हणून. मुलाला जमीन लावून द्यायची होती म्हणून. आईने त्याच्या नावाने पिंड दिला म्हणून. पराक्रमाच्या गोष्टी शाहिरांनी सरदारांच्या सांगितल्या. साध्या शिपायाला जिवंत ठेवलं ते त्याच्या मागे राहिलेल्या बाईने आणि तिच्या अर्जाने!

म्हणून शोधाची सुरुवात दफ्तरात नव्हे, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ बसून करावी. ती 'बसरा' म्हणेल, 'लाम' म्हणेल, एखाद्या साहेबाचं विचित्र नाव घेईल, होळीला देवघरातला 'वीर' का नाचवतात ते सांगेल. ते सगळं तिच्याच शब्दांत लिहून घ्यावं. हसू नये, सुधारू नये. कागदाची मुदत पंचवीस वर्षांची असते, तिच्या आठवणीची त्याहून कमी राहिलेली असू शकते.

आणि कागद हाती आला की तो जे सांगेल ते मानण्याची तयारी ठेवावी. पूर्वज पानिपतावर पडला नसेल, पटकीने वाटेत गेला असेल. सरदार नसेल, मोतद्दार असेल. घोडा त्याचा नसेल, सरकारचा असेल. दंतकथा गेली म्हणून माणूस लहान होत नाही. उलट आजवर नुसता 'लढाईतला एक जण' होता, त्याला नाव येतं, गाव येतं, बाप येतो.

पुढच्या पितृपक्षात चतुर्दशीला काशीच्या घाटावर पुन्हा कुणी मराठी माणूस बसेल. गुरुजी नाव विचारतील. या वेळी मागे बसलेल्या आत्याला पुढे सरकून कागद देता येईल, त्यावर एक नाव असेल, 'बिन' असेल आणि पलटणीचा क्रमांकही. गुरुजींना पलटणीचा काही उपयोग नाही. ते फक्त नाव उच्चारतील. पण घरच्या माणसांना तेवढंच तर हवं होतं.